स्त्री-लैंगिक संप्रेरके आणि व्यायाम

स्त्री-लैंगिक संप्रेरके आणि व्यायाम हा शरीरक्रियाशास्त्र व क्रीडावैद्यक या दोन शास्त्रांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. स्त्रीच्या अंडाशयात तयार होणारी इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके प्रजननापुरती मर्यादित नाहीत. श्रम करताना शरीर कोणते इंधन वापरते, किती तापते, श्वसन किती वाढते, तसेच स्नायू व हाडे कशी घडतात, या सर्वांवर त्यांचा परिणाम होतो. व्यायाम, कष्टाचे काम आणि आहार यांचाही या संप्रेरकांवर उलट परिणाम होतो.

आजवरच्या संशोधनातून दोन निष्कर्ष पुढे येतात. नियमित ऋतुचक्रातील संप्रेरकांच्या चढउतारांचा शारीरिक कामगिरीवर होणारा सरासरी परिणाम अल्प असतो व तो व्यक्तीगणिक बदलतो. याउलट ही संप्रेरके दीर्घकाळ अपुरी पडली, तर हाडांचे व एकूण आरोग्याचे मोठे नुकसान होते. अपुरा आहार व अतिश्रम यांमुळे पाळी बंद होणे, अकाली अंडाशय काढले जाणे किंवा रजोनिवृत्ती येणे ही अशा कमतरतेची प्रमुख कारणे आहेत.

संप्रेरके व ऋतुचक्र

मेंदूतील अधश्चेतक व त्याखालील पीयूषिका ग्रंथी यांच्या आदेशानुसार अंडाशयाचे कार्य चालते. पीयूषिकेतून स्रवणाऱ्या पुटिका ग्रंथी संप्रेरकामुळे अंडाशयातील पुटिका वाढते आणि तिच्यातून इस्ट्रोजेन स्रवू लागते. पीतपिंडकारी संप्रेरकाची पातळी अचानक वाढली की अंडमोचन होते. रिकाम्या पुटिकेचे पीतपिंडात रूपांतर होऊन त्यातून प्रोजेस्टेरॉन व काही प्रमाणात इस्ट्रोजेन स्रवते. गर्भधारणा न झाल्यास पीतपिंडाचा ऱ्हास होतो, दोन्ही संप्रेरकांची पातळी घसरते व पाळी येते.

ऋतुचक्र सरासरी २८ दिवसांचे मानले जात असले, तरी प्रौढ स्त्रियांमध्ये २१ ते ३५ दिवसांचे चक्र स्वाभाविक समजले जाते. व्यायामाच्या अभ्यासात त्याच्या तीन अवस्था महत्त्वाच्या ठरतात.

• पाळीचे दिवस : दोन्ही संप्रेरकांची पातळी नीचांकी असते.
• अंडमोचनापूर्वीचे दिवस : इस्ट्रोजेनची पातळी सर्वोच्च असते, प्रोजेस्टेरॉन अत्यल्प असते.
• पीतपिंड अवस्थेचा मध्य : प्रोजेस्टेरॉन सर्वोच्च पातळीवर असते व इस्ट्रोजेनचाही दुसरा, लहान चढ दिसतो.

स्त्रीच्या अंडाशयांत व अधिवृक्क ग्रंथींत अल्प प्रमाणात टेस्टोस्टेरॉनही तयार होते. वयात आल्यानंतर पुरुषांतील त्याची पातळी स्त्रियांच्या अनेक पटींनी अधिक असते. स्नायूंचा आकार व रक्तातील हिमोग्लोबिन यांबाबत स्त्री-पुरुषांत दिसणाऱ्या सरासरी फरकामागे हे प्रमुख कारण आहे.

श्रमांना शरीराचा प्रतिसाद

इंधनाचा वापर

चालणे, सावकाश धावणे, निंदणी-खुरपणी अशा मध्यम व दीर्घकाळ चालणाऱ्या श्रमांत शरीर पिष्टमय पदार्थ व मेद ही दोन्ही इंधने वापरते. इस्ट्रोजेनच्या प्रभावामुळे स्त्रियांच्या शरीरात मेदाचा वापर तुलनेने अधिक होतो व स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा काहीसा वाचतो. कॅनडातील संशोधक मार्क टार्नोपोल्स्की व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सारख्या सरावाच्या स्त्री-पुरुषांना १५.५ किलोमीटर धावायला लावून मोजमाप केले, तेव्हा स्त्रियांनी ग्लायकोजेन कमी वापरल्याचे आढळले. श्रमांची तीव्रता वाढत गेली किंवा श्रमांआधी पुरेसा आहार घेतला, तर ऋतुचक्राच्या निरनिराळ्या अवस्थांतील इंधनवापराचा फरक पुसट होतो.

तापमान व श्वसन

अंडमोचनानंतर प्रोजेस्टेरॉनमुळे शरीराचे विश्रांतीतील तापमान सुमारे ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढते. या काळात घाम येण्यास व त्वचेकडील रक्तप्रवाह वाढण्यास किंचित अधिक तापमानाला सुरुवात होते. समशीतोष्ण हवेत हा फरक जाणवत नाही. उष्ण हवेत दीर्घकाळ श्रम करताना मात्र काही स्त्रियांना तो जाणवू शकतो. धुळे-जळगाव परिसरात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. तेथे सरावाची वेळ पहाटेची ठेवणे, पाणी व मीठ यांची भरपाई करणे आणि उन्हाची सवय एक-दोन आठवड्यांत हळूहळू करणे या गोष्टी ऋतुचक्राच्या अवस्थेपेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाच्या ठरतात.

प्रोजेस्टेरॉन मेंदूतील श्वसनकेंद्रालाही उत्तेजित करते. त्यामुळे पाळीपूर्वीच्या दिवसांत श्वसन थोडे वाढते व काहींना त्याच श्रमांनी अधिक धाप लागल्यासारखे वाटते. शरीराच्या कमाल प्राणवायू-वापरक्षमतेत मात्र त्यामुळे उल्लेखनीय फरक पडत नाही.

स्नायू

स्नायूंच्या पेशींवर इस्ट्रोजेनची ग्राहके असतात. श्रमांनंतरची स्नायूंची झीज भरून काढण्यास इस्ट्रोजेन साहाय्य करते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. यावरून ऋतुचक्राच्या पूर्वार्धात वजनाचे व्यायाम अधिक व उत्तरार्धात कमी करावेत, अशी एक पद्धत अलीकडे लोकप्रिय झाली. तिला पुरेसा प्रायोगिक आधार मिळालेला नाही. बारा महिने सातत्याने केलेला सराव, पुरेशी प्रथिने व झोप यांचा प्रभाव चक्रातील अवस्थेपेक्षा मोठा असतो.

अस्थिबंध

उडी, अचानक थांबणे व दिशा बदलणे असलेल्या खेळांत गुडघ्यातील अग्र स्वस्तिक अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दोन ते सहा पट असल्याचे विविध पाहण्यांत आढळते. खो-खोतील खुंटाभोवतीचे वळण किंवा कबड्डीतील माघार यांत गुडघ्यावर याच प्रकारचा ताण येतो. या अस्थिबंधात इस्ट्रोजेनची ग्राहके असतात व अंडमोचनाच्या सुमारास त्याची शिथिलता किंचित वाढते, असे काही अभ्यास सांगतात. तथापि कटिबंधाची रचना, मांडीच्या पुढील व मागील स्नायूंच्या ताकदीतील असमतोल, उडीनंतर गुडघे आत वळण्याची सवय व मुलींना मिळणारे अपुरे प्रशिक्षण ही कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत. संप्रेरके बदलता येत नाहीत. उडी घेण्याची व जमिनीवर उतरण्याची रीत शिकवता येते. अशा प्रशिक्षणाने दुखापती लक्षणीय घटतात, हे सिद्ध झाले आहे.

ऋतुचक्र व कामगिरी

पाळीच्या दिवसांत मुलींनी धावू नये, उड्या मारू नयेत, ही समजूत जुनी व व्यापक आहे. २०२० मध्ये ७८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरी सरासरीने अगदी किंचित घटते, परंतु हा फरक इतका क्षुल्लक आहे की त्यावरून सर्व स्त्रियांसाठी एकच नियम करणे योग्य नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मूळ अभ्यासांपैकी अनेकांचा दर्जा सामान्य असल्याचेही त्यात नमूद केले होते.

सरासरी फरक अल्प असला, तरी व्यक्तीचा त्रास खरा असतो. ओटीपोटातील कळा, अतिरक्तस्राव, अर्धशिशी किंवा अपुरी झोप यांमुळे एखादीची कामगिरी त्या दिवशी खालावू शकते. हलका व्यायाम केल्याने अनेकींच्या कळा कमी होतात. म्हणून पाळीच्या दिवसांत व्यायाम करणे निरोगी स्त्रीस अपायकारक नाही; तसेच त्रास होत असताना विश्रांती घेणे हा दुबळेपणाही नाही. प्रत्येकीने आपल्या पाळीच्या तारखा व लक्षणे यांची नोंद ठेवणे ही सर्वांत उपयुक्त पद्धत मानली जाते. ग्रामीण शाळांतील मुलींच्या बाबतीत मैदानाजवळ स्वच्छतागृह व पाणी नसणे हा अडथळा संप्रेरकांहून मोठा असतो.

लोह आणि रक्तक्षय

एका पाळीत साधारणतः ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० मिलिलिटरपेक्षा अधिक स्राव अतिस्राव समजला जातो. ४० मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे १५ ते २० मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. दीर्घ व्यायामानंतर काही तासांनी यकृतातील हेप्सिडिन या संप्रेरकाची पातळी वाढते व आतड्यातून लोह शोषले जाण्याचे प्रमाण तात्पुरते घटते. लोहाची कमतरता झाल्यास रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी होते आणि थोड्या श्रमाने दम लागतो.

गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तिला रक्तक्षय आहे, असे मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. भारतासाठी हे प्रमाण ५७ टक्के होते. त्याआधीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा ४८ टक्के होता. सरावात मागे पडणाऱ्या मुलीला आळशी ठरविण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते. डाळी, पालेभाज्या व बाजरीची भाकरी यांतील लोह लिंबू, आवळा, पेरू यांच्यासोबत अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर वा लगेच नंतर घेतलेल्या चहाने ते कमी शोषले जाते.

ऊर्जेची तूट व पाळी थांबणे

खेळाडू मुलीची पाळी बंद होणे हे कसून सराव केल्याचे लक्षण आहे, असा समज प्रशिक्षकांत व खेळाडूंतही दीर्घकाळ होता. प्रत्यक्षात ती शरीराने दिलेली धोक्याची सूचना असते. व्यायामात खर्च होणारी ऊर्जा वजा जाता उरलेली ऊर्जा जीवनक्रियांना अपुरी पडू लागली की अधश्चेतक प्रजननाचे कार्य स्थगित करते. पीयूषिकेला मिळणारे संकेत मंदावतात, अंडमोचन होत नाही, इस्ट्रोजेनची पातळी घसरते व पाळी थांबते.

अमेरिकी संशोधिका ॲन लाउक्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शरीराच्या मेदविरहित वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० किलोकॅलरीपेक्षा कमी ऊर्जा उरल्यास पाच दिवसांतच पीतपिंडकारी संप्रेरकाच्या स्पंदनांत बिघाड होतो, असे आढळले. पुरेशी ऊर्जा सुमारे ४५ किलोकॅलरी धरली जाते. उदाहरणार्थ, ५० किलो वजनाच्या मुलीचे मेदविरहित वजन ४० किलो असल्यास तिला व्यायामाखेरीज सुमारे १८०० किलोकॅलरी लागतात. तिच्या सरावात ६०० किलोकॅलरी खर्च होत असतील, तर तिचा आहार २४०० किलोकॅलरींचा असावा लागेल. तिने १८०० किलोकॅलरींचाच आहार घेतला, तर तिच्याजवळ १२०० किलोकॅलरी, म्हणजे नेमकी ३० च्या सीमेवरची ऊर्जा उरते. ही सीमा व्यक्तीनुसार मागेपुढे होते.

अपुरा आहार, पाळीतील बिघाड व हाडांची झीज यांच्या एकत्र आढळण्याला १९९० च्या दशकात ‘स्त्री-खेळाडूंचे त्रिकूट’ असे नाव मिळाले. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञगटाने ‘खेळातील सापेक्ष ऊर्जा-न्यूनता’ ही अधिक व्यापक संकल्पना मांडली. रोगप्रतिकारशक्ती, हृदय, मनःस्थिती व वाढ यांवरील परिणामांचा तीत समावेश असून ती पुरुषांनाही लागू होते.

वयाच्या १५ व्या वर्षापर्यंत पाळी सुरू न होणे किंवा सुरू झालेली पाळी सलग तीन महिने न येणे, या दोन्ही स्थितींत वैद्यकीय तपासणी करावी लागते. गर्भधारणा, अवटू ग्रंथीचे विकार व बहुपुटी अंडाशय ही अन्य कारणे आधी तपासली जातात. कारण ऊर्जेची तूट हेच असल्यास आहार वाढविणे व सराव कमी करणे हा मुख्य उपचार असतो.

हाडांवरील परिणाम

हाड ही सतत झिजणारी व भरली जाणारी जिवंत ऊती आहे. इस्ट्रोजेन हाडांच्या झिजेला आळा घालते. हाडांच्या एकूण घनतेपैकी बहुतांश घनता विशीपर्यंत साठते. ती पुढील आयुष्याची ठेव असते. अमेरिकेतील बार्बरा ड्रिंकवॉटर व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये पाळी बंद असलेल्या १४ व नियमित असलेल्या १४ खेळाडूंची तुलना केली. पाळी बंद असलेल्या खेळाडूंच्या कमरेतील मणक्यांची घनता स्पष्टपणे कमी आढळली. व्यायामाने हाडे बळकट होतात हे खरे असले, तरी इस्ट्रोजेन नसताना केवळ व्यायाम ही हानी भरून काढू शकत नाही, हे त्यातून दिसून आले. नडगीच्या वा पावलाच्या हाडाला वारंवार सूक्ष्म तडे जाणे हे अशा अवस्थेचे पहिले दृश्य लक्षण असू शकते.

गर्भनिरोधक गोळ्या व गर्भारपण

संयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शरीरातील स्वतःच्या संप्रेरकांचे चक्र दबते. त्यांचा कामगिरीवरील सरासरी परिणाम नगण्य आढळला आहे. गोळ्या थांबविल्यावर येणारा रक्तस्राव ही नैसर्गिक पाळी नसते. त्यामुळे ऊर्जेच्या तुटीचे लक्षण झाकले जाऊ शकते. स्पर्धा, यात्रा किंवा धार्मिक कार्यासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या महाराष्ट्रात सर्रास घेतल्या जातात. त्या बहुधा नॉरएथिस्टेरॉनच्या असतात. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असलेल्या स्त्रियांना त्या वर्ज्य असल्याने वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

गर्भारपणात दोन्ही संप्रेरकांची पातळी कित्येक पटींनी वाढते, रक्ताचे आकारमान वाढते व सांध्यांचे बंध सैल होतात. गुंतागुंत नसल्यास गर्भवतीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. जड ओझी उचलण्याचे, विश्रांतीविना होणारे सक्तीचे श्रम या शिफारशीत मोडत नाहीत.

रजोनिवृत्ती

भारतीय स्त्रियांची रजोनिवृत्ती सरासरी ४६–४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी येते. इस्ट्रोजेन घटल्यामुळे पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज वेगाने होते, स्नायूंची ताकद कमी होते व पोटाभोवती मेद साठतो. या वयात केवळ चालणे हाडांसाठी पुरेसे ठरत नाही. स्नायूंवर भार टाकणारे व्यायामही लागतात. ऑस्ट्रेलियात झालेल्या ‘लिफ्टमोर’ या चाचणीत (२०१८) हाडांची घनता कमी असलेल्या रजोनिवृत्त स्त्रियांनी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा अर्धा तास जड वजनांचा व्यायाम आठ महिने केला. त्यांच्या मणक्यांच्या घनतेत सुधारणा झाली.

महाराष्ट्रातील संदर्भ

खेळाडू

दीर्घ पल्ल्याच्या धावण्यात महाराष्ट्रातील ग्रामीण मुलींनी उल्लेखनीय यश मिळविले आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले व त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत याच शर्यतीत रौप्यपदक पटकाविले. सातारा जिल्ह्यातील मोही येथील ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली व त्या दहाव्या आल्या. १९८४ मधील पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिक धावशर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघ विजेता ठरला. या यशामुळे मुली मोठ्या संख्येने मैदानाकडे वळत असून शाळा व क्रीडा प्रबोधिनींत आहार, हिमोग्लोबिन व पाळी यांची नोंद ठेवण्याची गरज वाढली आहे.

श्रमिक स्त्रिया

व्यायामविषयक संशोधन बहुतांशी खेळाडूंवर झाले असले, तरी महाराष्ट्रात सर्वाधिक शारीरिक श्रम करणाऱ्या स्त्रिया शेतमजूर व ऊसतोड कामगार आहेत. धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील साक्री तालुका व लगतचा नंदुरबार जिल्हा येथील भिल्ल, कोकणा, मावची आदी समाजांतील अनेक कुटुंबे गळीत हंगामात गुजरातेत व अन्य भागांत ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. ऊसतोडीत पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. ऊस तोडणे, मोळ्या बांधणे व त्या डोक्यावरून वाहून वाहनात भरणे हे काम पहाटेपासून चालते. मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ कामातून फेडायची असते व गैरहजेरीच्या दिवसाचा ‘खाडा’ कापला जातो. पाळीच्या दिवसांत विश्रांती घेणे त्यामुळे महाग पडते.

या परिस्थितीचे टोकाचे रूप बीड जिल्ह्यात समोर आले. तेथील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याच्या वृत्तानंतर २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांची, ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले.

संप्रेरकांच्या दृष्टीने येथे एक भेद महत्त्वाचा आहे. केवळ गर्भाशय काढल्यास पाळी थांबते, परंतु अंडाशयांचे कार्य चालू राहते. मात्र ते नैसर्गिक वेळेच्या आधी मंदावण्याची शक्यता वाढते. दोन्ही अंडाशयही काढल्यास इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन एकाएकी नाहीसे होतात व तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्तीची अवस्था येते. हाडांची झीज, सांधेदुखी, निद्रानाश व हृदयविकाराचा वाढता धोका या परिणामांसह त्या स्त्रीला पुन्हा डोक्यावर मोळी घ्यावी लागते. जे श्रम करता यावेत म्हणून शस्त्रक्रिया केली जाते, तेच श्रम त्यानंतर अधिक जड होतात. शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे आणि अंडाशय राखले जाणार आहेत की नाही हे रुग्णाने विचारून घेणे म्हणून आवश्यक मानले जाते. अंडाशय काढावेच लागले, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक-उपचार देण्याचा विचार वैद्यकीय सल्ल्याने केला जातो.

टेस्टोस्टेरॉन व स्पर्धांचे नियम

काही स्त्रियांमध्ये जन्मजात कारणांनी टेस्टोस्टेरॉनची पातळी अधिक असते. ओडिशाच्या धावपटू द्युती चंद यांना या कारणावरून २०१४ मध्ये स्पर्धेतून वगळण्यात आले. त्यांनी दाद मागितल्यावर जुलै २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला. पुढे जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०१९ पासून ४०० मीटर ते एक मैल या शर्यतींसाठी प्रति लिटर ५ नॅनोमोल ही मर्यादा लागू केली. २०२३ मध्ये ती सर्व प्रकारांसाठी २.५ नॅनोमोल करण्यात आली. २०२५ पासून महिला गटासाठी एकदाच करावयाची जनुकचाचणी सक्तीची झाली. स्पर्धेतील समान संधी आणि खेळाडूची प्रतिष्ठा व खाजगीपणा यांतील हा वाद अद्याप संपलेला नाही.

संशोधनाचा इतिहास व मर्यादा

पाळीच्या काळात बौद्धिक व शारीरिक श्रम स्त्रियांना अपायकारक असतात, असे मत अमेरिकेतील डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये मांडले होते. डॉक्टर मेरी पटनम जेकोबी यांनी स्त्रियांकडून माहिती घेऊन व नाडीची मोजमापे करून त्याचे खंडन केले. या निबंधाला १८७६ चा हार्वर्ड विद्यापीठाचा बॉयल्स्टन पुरस्कार मिळाला. तरीही समजूत टिकून राहिली. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमधील महिलांच्या ८०० मीटर शर्यतीनंतर धावपटू कोसळल्याच्या अतिरंजित बातम्या पसरल्या व ही शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. महिलांची मॅरेथॉन १९८४ मध्ये प्रथम ऑलिंपिकमध्ये आली.

ऋतुचक्रामुळे मोजमापात गुंतागुंत होते, या कारणाने दीर्घकाळ व्यायामाचे प्रयोग प्रामुख्याने पुरुषांवर केले गेले व त्यांचे निष्कर्ष स्त्रियांना लागू करण्यात आले. स्त्रियांवरील अनेक अभ्यासांत सहभागींची संख्या कमी असते. चक्राची अवस्था रक्ततपासणीऐवजी केवळ दिवस मोजून ठरविलेली असते. त्यांतील बहुतेक सहभागी सुखवस्तू देशांतील तरुण स्त्रिया असतात. रक्तक्षय असलेल्या, उन्हात दहा-बारा तास राबणाऱ्या स्त्रीच्या शरीराला हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करताना ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते.

हेही पाहा

• ऋतुचक्र
• रजोनिवृत्ती
• अस्थिसुषिरता
• रक्तक्षय
• ऊसतोड कामगार
• कविता राऊत
• ललिता बाबर